मापात खोट नको : अबू रैहान अल-बिरूनी यांचे जीवन



कुरआनचे वाचन करताना एका गोष्टीकडे आपले लक्ष नक्कीच गेले असेल. नमाज, रोजा आणि जकात यांच्या जोडीने माप आणि तराजू यांचा विषय त्यात पुन्हा पुन्हा येतो. सूरह अर-रहमानमध्ये आकाशाच्या उंचीचा उल्लेख होतो आणि त्याला लागूनच मीझानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख येतो. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना एका अल्लाहच्या उपासनेकडे बोलावले आणि लगोलग मापतोल पुरे करण्याची ताकीद दिली. एका संपूर्ण सूरहला तर मापात मारणाऱ्यांवरूनच अल-मुतफ्फिफीन हे नाव मिळाले आहे.

या शिकवणीचा अर्थ आपण बहुधा दुकानाच्या उंबऱ्यापुरता घेतो. वाण्याने काटा मारू नये, दूधवाल्याने पाणी घालू नये, एवढ्यावर आपण थांबतो. परंतु जो माणूस कशाचेही मोजमाप करतो, मग ती धातूची लगड असो, पृथ्वीचा घेर असो की परक्या समाजाच्या श्रद्धा असोत, त्यालाही ही ताकीद लागू आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका मुस्लिम विद्वानाने ती आयुष्यभर पाळली. त्यांचे नाव अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल-बिरूनी. त्यांचे चरित्र आज आपल्यासमोर ठेवीत आहे.

जन्म आणि जडणघडण

अल-बिरूनी यांचा जन्म ३ जिलहिज्जा हिजरी ३६२ रोजी, म्हणजे ४ सप्टेंबर ९७३ रोजी, ख्वारिज्म देशात झाला. जैहून नदीच्या, म्हणजे आजच्या अमू दर्याच्या काठी वसलेले काथ हे त्या देशाच्या राजधानीचे शहर. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो आणि तेथील एका गावाला त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यांची मातृभाषा ख्वारिज्मी होती. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषा त्यांनी परिश्रमाने शिकून घेतल्या, आणि पुढे वयाची चाळिशी उलटल्यावर संस्कृतचाही अभ्यास केला. ज्ञानाची भाषा कोणती, यापेक्षा ज्ञान खरे किती, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटे.

काथच्या राजघराण्यातील अबू नस्र मन्सूर हे थोर गणिती त्यांना गुरू म्हणून लाभले. गुरूंनी त्यांना भूमिती आणि खगोलाची गोडी लावली. वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी या तरुणाने मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून आपल्या शहराचे अक्षांश काढले. कोणा जुन्या ग्रंथातला आकडा उतरवून घेणे सोपे होते, पण त्यांनी स्वतः मोजले. ही सवय त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही.

इसवी सन ९९५ मध्ये ख्वारिज्मात सत्तासंघर्ष पेटला. गुरगंजच्या अमीराने काथचे राज्य उलथून टाकले, आश्रयदाते मारले गेले आणि बावीस वर्षांच्या अल-बिरूनींना घर सोडून परागंदा व्हावे लागले. काही काळ ते रय शहरात, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, हलाखीत राहिले. पुढे दिवस पालटल्यावर तेथील एका विद्वानाची आठवण त्यांनी लिहून ठेवली. अंगावरच्या फाटक्या कपड्यांकडे पाहून त्या गृहस्थाने एका खगोलीय मुद्द्यावर त्यांची टर उडवली होती. परिस्थिती सुधारल्यावर तोच गृहस्थ स्नेह दाखवू लागला. मुद्दा तोच होता, बोलणाराही तोच होता, बदलले होते ते फक्त कपडे. वाचकहो, ज्याच्या तराजूत पुराव्याऐवजी वस्त्र घातले जाते, तो तराजू खोटा, हे अल-बिरूनी तेव्हाच शिकले.

अशा अस्थिर दिवसांतही त्यांचे काम थांबले नाही. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होणार होते. बगदादमधील प्रख्यात गणिती अबुल वफा यांच्याशी त्यांनी आधीच संधान बांधले आणि एकच ग्रहण एकाने काथमधून व दुसऱ्याने बगदादमधून पाहिले. ग्रहण दोन्हीकडे एकाच क्षणी घडते, पण दोन्हीकडची स्थानिक वेळ वेगळी असते. वेळेतला हा फरक समजला की दोन शहरांच्या रेखांशांतला फरकही समजतो. तार नाही, दूरध्वनी नाही, अशा काळात शेकडो कोसांवरची दोन माणसे केवळ परस्परांच्या प्रामाणिक नोंदींवर विश्वास ठेवून एक मोजमाप पुरे करतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

जड कोण आणि हलके कोण?

आता ज्या कामामुळे रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या कामाकडे वळू. आपल्या घरातील मुले शाळेत शिकतात की ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य. सोने, पाणी, हवा, मीठ ही सारी द्रव्येच. मग एक द्रव्य दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखावे?

आपण म्हणाल, वजनावरून ओळखावे. पण लोखंडाची मोठी पहार सोन्याच्या अंगठीपेक्षा कितीतरी वजनदार असते, म्हणून लोखंड सोन्यापेक्षा जड ठरत नाही. मग आकारावरून ओळखावे का? तेही चालत नाही, कारण सोन्याची पट्टी हवी तेवढी लांब-रुंद करता येते. वस्तुमान आणि आकारमान हे दोन्ही गुण द्रव्य किती आहे यावर अवलंबून असतात. द्रव्य निम्मे केले की दोन्ही निम्मे होतात. मात्र या दोहोंचे एकमेकांशी जे गुणोत्तर असते ते बदलत नाही. एक गुंज सोने घ्या की एक शेर, गुणोत्तर तेच राहते. यालाच आपण घनता म्हणतो, आणि पाण्याच्या तुलनेत ती मांडली की विशिष्ट गुरुत्व म्हणतो. द्रव्याचा खरा स्वभाव सांगणारा हा गुण आहे.

वजन आणि आकारमान यांतला भेद आपल्या समाजाला अपरिचित नाही. कोकणातल्या घरांतून एके काळी भात आणि तांदूळ पायलीने मोजत. एक पायली भात आणि एक पायली तांदूळ यांचे माप एकच, पण वजन वेगळे भरे. सदका-ए-फित्रचे साअ हे मापही मुळात वजनाचे नसून आकारमानाचे आहे. म्हणूनच साअचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करताना गहू, जव आणि खजूर यांचे आकडे वेगवेगळे येतात, आणि म्हणूनच उलमांच्या हिशेबांत थोडाफार फरक आढळतो. याउलट जकातीचा निसाब वजनावर ठरतो. आपल्याकडे प्रचलित हिशेबानुसार सोन्याचे साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचे साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. कोणती वस्तू मापाने मोजायची आणि कोणती वजनाने, हा प्रश्न फिकहच्या ग्रंथांत व्यापाराच्या आणि व्याजाच्या प्रकरणात किती बारकाईने हाताळला आहे, हे मदरशात शिकणारा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. अल-बिरूनी अशा समाजात वाढले होते जेथे माप ही दीनची बाब होती.

धातूचा गोळा पाण्यात बुडवला की तो आपल्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारतो, हे ग्रीक विद्वान आर्किमिडीज यांच्या काळापासून माहीत होते. अल-बिरूनींनी त्या तत्त्वाला नेमकेपणाची जोड दिली. त्यांनी तळाशी रुंद आणि वर अरुंद गळ्याचे एक शंकूच्या आकाराचे भांडे तयार करवले. गळ्याला एक वाकडी नळी जोडलेली होती. भांडे नळीच्या तोंडापर्यंत पाण्याने भरायचे, मग वस्तू हलकेच आत सोडायची. तिने सारलेले पाणी नळीवाटे थेट तराजूच्या पारड्यात पडे, आणि त्याचे वजन केले जाई.

गळा अरुंद का, याचा विचार आपणही करून पाहा. रुंद तोंडाच्या पातेल्यात पाण्याची पातळी केसभर वरखाली झाली तरी पुष्कळ पाणी कमी-जास्त होते. अरुंद गळ्यात तेवढ्याच फरकाने थेंबभरच चूक होते. चूक पुरती टाळता येत नसेल, तर तिला लहान होण्यास भाग पाडावे, ही या भांड्यामागची युक्ती होती. भांड्याच्या काठाला चिकटून राहणारा थेंबसुद्धा हिशेब बिघडवतो, याची त्यांना जाणीव होती. पाणी ऊन की थंड, गोडे की खारे, यानेही वजनात फरक पडतो हे त्यांनी ध्यानात घेतले.

त्यांची पद्धत अशी होती. प्रत्येक धातू शंभर मिस्काल वजनाचा धरायचा आणि तो किती पाणी सारतो ते पाहायचे. शंभर मिस्काल सोन्याने सुमारे सव्वापाच मिस्काल पाणी सारले. शंभराला सव्वापाचने भागा, उत्तर १९.०५ येईल. शुद्ध सोन्याचा आजचा आकडा सुमारे १९.३ आहे. त्यांची ही मोजमापे पुढे अल-खाझिनी या विद्वानाने इसवी सन ११२१ च्या सुमारास लिहिलेल्या मीझानुल हिकमह या ग्रंथात जतन केली. त्यातील तक्त्यावरून काढलेले आकडे पाहा. पारा १३.५६, आज सुमारे १३.६. शिसे ११.३२, आज ११.३४. लोखंड ७.७४, आज ७.८७. कथील ७.३२, आज सुमारे ७.३. सूक्ष्म काटे नाहीत, तापमापक नाही, आणि त्या काळी धातू पूर्ण शुद्ध करणेही अवघड होते. तरीही हजार वर्षांपूर्वीच्या हातांनी हे साधले.

रत्नांच्या बाबतीत तर या मोजमापाने मोठाच उलगडा केला. याकूत म्हणजे माणिक आणि बदख्शानचे लाल ही दोन्ही रत्ने तांबडी आणि तेजस्वी असतात. डोळ्यांना त्यांच्यातला भेद सहज कळत नाही. पण तराजू फसला नाही. त्याच तक्त्यात तांबड्या याकूतचा आकडा ३.८५ आणि बदख्शी लालचा ३.५८ येतो, म्हणजे दोन्ही दगड मुळातच वेगळे. युरोपात ही गल्लत पुढे कित्येक शतके चालू राहिली. इंग्लंडच्या राजमुकुटात माणिक म्हणून मिरवणारा एक प्रसिद्ध तांबडा खडा प्रत्यक्षात याच दुसऱ्या जातीचा निघाला.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. सोन्यात तांबे मिसळून विकणारा, काच घासून पाचू म्हणून गळ्यात मारणारा माणूस तेव्हाही बाजारात होता. त्याच्यापुढे गरीब विधवा आणि परगावचा मुसाफिर हतबल असत. दागिना न वितळवता, न कापता त्याची परीक्षा करण्याचे साधन हाती आले म्हणजे दुर्बलाच्या हक्काचे रक्षण करण्याचे एक साधन हाती आले. ज्ञानातून न्याय निघतो तो असा.

ऐकीव गोष्टींची परीक्षा

त्या काळी अशी समजूत होती की सापाने पाचूकडे पाहिले तर त्याचे डोळे फुटतात. मोठमोठ्या ग्रंथांत ही गोष्ट नमूद होती आणि एकाचे पाहून दुसरा ती लिहीत होता. अल-बिरूनींनी सापाला पाचूचा हार घातला, त्याच्या आसपास पाचू पसरले, त्याच्यासमोर पाचूंची माळ हलवून पाहिली. हा प्रयोग त्यांनी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मिळून नऊ महिने केला. सापाला काहीही झाले नाही. सुलतान मौदूद यांच्यासाठी लिहिलेल्या अल-जमाहिर या खनिज आणि रत्नांवरील ग्रंथात त्यांनी हे मिस्किलपणे नोंदवले आहे, आणि उलट त्या सापाची नजर अधिक तीक्ष्ण झाली नसेल तर काहीच झाले नाही, अशा आशयाची टिप्पणी केली आहे. हलक्या धातूचे सोने करून देतो म्हणणाऱ्या किमयागारांवरही त्यांचा विश्वास नव्हता.

तरुणपणी त्यांचा इब्न सीना या महान वैद्य आणि तत्त्वज्ञाशी पत्रव्यवहार झाला. ॲरिस्टॉटलच्या मतांवर त्यांनी इब्न सीनांना एकामागून एक प्रश्न विचारले. त्यांतला एक प्रश्न आजही शाळेतल्या मुलांना विचारावा असा आहे. थंडीने वस्तू आकुंचन पावतात असे म्हणतात, तर मग पाण्याने भरलेली बाटली पाणी गोठल्यावर फुटते कशी? आणि बर्फ पाण्यावर तरंगतो कसा? इब्न सीनांनी गोठताना आत अडकलेल्या हवेचे कारण दिले. आज आपल्याला माहीत आहे की पाणी गोठताना त्याचे कण मोकळ्या जागा ठेवून रचले जातात, त्यामुळे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी होते. उत्तर कळायला शतके लागली. पण सर्वमान्य नियमाला न जुमानणारी एक फुटकी बाटली समोर असताना नियमाकडे बोट दाखवून गप्प न बसणे, हा प्रामाणिकपणा त्या प्रश्नात होता.

गझनी, भारत आणि परक्यांचे माप

इसवी सन १०१७ मध्ये सुलतान महमूद गझनवी यांनी ख्वारिज्म जिंकले आणि तेथील विद्वानांना गझनीस नेले. अल-बिरूनी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. ते स्वेच्छेने गेले असे म्हणता येणार नाही. पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात असताना त्यांना सूर्याची उंची मोजायची होती, पण जवळ एकही यंत्र नव्हते. त्यांनी हिशेबाच्या पाटीवर वर्तुळाचा भाग आखला, अंश पाडले आणि तेवढ्यावरच काम भागवले. गझनीतून किबल्याची दिशा नेमकी कोणती, हे शोधण्याच्या खटाटोपात त्यांनी भूमापनावरचा एक संपूर्ण ग्रंथ १०२५ मध्ये पूर्ण केला. नमाजीचे तोंड योग्य दिशेला असावे एवढ्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश पुन्हा तपासणारा हा माणूस होता.

आजच्या पाकिस्तानी पंजाबमधील नंदना किल्ल्याजवळ त्यांनी पृथ्वीचे मोजमाप केले. खलीफा मामून यांच्या काळात विद्वानांनी वाळवंटात मैलोनमैल चालत जाऊन हे काम केले होते. अल-बिरूनींनी एकाच डोंगराचा आधार घेतला. आधी त्याची उंची काढली, ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर उभे राहून क्षितिज समपातळीपासून किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला. तो ३४ कला, म्हणजे अंशाच्या अर्ध्याहून थोडा अधिक होता. या दोन आकड्यांवरून त्रिकोणमितीने त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली, आणि ती आजच्या मापाच्या अगदी जवळ आहे.

भारतात त्यांनी पंडितांकडून संस्कृत आणि येथील शास्त्रे समजून घेतली. १०३० मध्ये पुरा झालेला त्यांचा भारतावरील ग्रंथ जगप्रसिद्ध आहे. त्यात येथील वजनमापांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या सराफी पेढीवर आजही कानी पडणारा तोळा त्यात आहे, मासा आहे, भारतीय तराजूची रचनाही आहे. ते स्वतः पंजाबच्या पलीकडे फारसे आले नाहीत, पण प्रवाशांकडून मिळवलेल्या माहितीवरून त्यांनी मरहट्ट देशाची आणि कोकणाची नोंद केली, आणि समुद्रकाठचे ठाणे ही कोकणाची राजधानी असल्याचे लिहिले. म्हणजे आपल्या मुलखाचे नाव या थोर मुस्लिम विद्वानाच्या लेखणीतून उतरले आहे.

परंतु त्या ग्रंथाचे खरे मोल वेगळेच आहे. इतरांच्या धर्माविषयी लिहिताना बहुतेक लेखक ऐकीव आणि विकृत माहितीवर विसंबतात, ही त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी हिंदूंच्या श्रद्धा हिंदूंच्याच ग्रंथांतून आणि त्यांच्याच मांडणीत दिल्या. स्वतः एकनिष्ठ मुस्लिम असूनही खंडनमंडनासाठी त्यांनी तो ग्रंथ लिहिला नाही. जे पटले नाही ते पटले नाही असे सांगितले, जे थोर वाटले त्याला थोर म्हटले. ज्या सुलतानाच्या छायेत ते राहत होते, त्याच्या स्वाऱ्यांनी या देशाची समृद्धी उद्ध्वस्त झाली आणि लोकांची मने मुस्लिमांविषयी दुरावली, हेही त्यांनी लपवले नाही. शेजाऱ्याविषयी बोलताना आपण कोणता तराजू वापरतो, हा प्रश्न त्यांचा ग्रंथ आज आपल्यालाही विचारतो. ज्याच्याविषयी मनात आकस आहे त्याच्याशीही न्यायाने वागा, ही सूरह अल-माइदाची शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. अल-बिरूनींनी ती कागदावर उतरवून दाखवली.

नमाजच्या वेळा आणि सावल्यांच्या गणितावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात एक मनोरंजक प्रसंग आहे. वेळ दाखवणाऱ्या एका यंत्रावर रूमी महिन्यांची नावे कोरली होती, म्हणून एका मशिदीच्या मुअज्जिनने ते वापरायचे नाकारले. त्यावर अल-बिरूनींचे उत्तर असे होते की रूमी लोक जेवतातही आणि बाजारात चालतातही, तेव्हा त्या बाबतीतही त्यांचे अनुकरण सोडून द्यावे लागेल. उपयुक्त ज्ञान कोणत्या समाजाकडून आले यावरून ते टाकून देणे ही धर्मनिष्ठा नव्हे, हे त्यांनी थट्टेच्या सुरात पण ठामपणे सांगितले.

सुलतान मसऊद यांना त्यांनी अल-कानून अल-मसऊदी हा खगोलशास्त्राचा महाग्रंथ अर्पण केला. बक्षीस म्हणून सुलतानाने हत्तीभर चांदी पाठवली आणि आपल्याला तिची गरज नाही असे सांगून अल-बिरूनींनी ती परत केली, अशी कथा सांगितली जाते.

आपल्या हातातला तराजू

वाचक बंधू-भगिनींनो, अल-बिरूनींचे गुणगान करताना एक खबरदारी आपणही घेतली पाहिजे. हल्ली समाजमाध्यमांवर असे संदेश फिरतात की जगातला प्रत्येक शोध मुस्लिमांनीच लावला. हे वाचून मन सुखावते, पण त्यात मापाची खोट असते. आर्किमिडीजचे श्रेय आर्किमिडीजला, भारतीय गणितींचे श्रेय त्यांना आणि अल-बिरूनींचे श्रेय अल-बिरूनींना, हाच न्याय. त्यांनी स्वतः आपल्या पूर्वसूरींची नावे घेऊन लिहिले. ज्या माणसाने पाण्याचा एक थेंब हिशेबातून सुटू दिला नाही, त्याच्या स्तुतीत आपण घागरभर पाणी ओतावे, हे त्याला आवडले नसते.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांविषयी. आपला मुलगा किंवा मुलगी शाळेच्या प्रयोगशाळेत मोजपात्रात पाणी घेऊन त्यात दगड सोडते, पाण्याची पातळी वाचते आणि वहीत आकडा लिहिते. ते काम दुनियेचे आणि मदरशातला धडा तेवढा दीनचा, अशी भिंत आपण घरात बांधू नये. उलट मुलांना एवढेच सांगावे की जो आकडा दिसला तोच लिही. पुस्तकातल्या उत्तराशी जुळावा म्हणून वहीतला आकडा बदलणे हीसुद्धा मापात मारणेच आहे. आणि हे आपण त्यांना सांगायचे, तर आपल्या काट्यावर, आपल्या बिलात, जमिनीच्या हद्दीत आणि बहिणींच्या वाट्यात आपले माप आधी पुरे असायला हवे.

वाट्याचा विषय निघालाच आहे, तर अल-बिरूनींच्या अखेरच्या घटकेविषयी जी हकीकत सांगितली जाते ती ऐका. वयाची ऐंशी चांद्रवर्षे उलटून गेल्यावरही ते औषधी द्रव्यांवरील ग्रंथावर काम करीत होते. इसवी सन १०५० च्या सुमारास गझनीत ते मृत्युशय्येवर होते. श्वास घशात अडकत होता. एक परिचित फकीह भेटीस आले. अल-बिरूनींनी त्यांना वारसाहक्कातील एक मसला विचारला. आजीच्या नात्यातील वारसांचा हिस्सा कसा काढायचा, याबाबत ते फकीह पूर्वी काही बोलले होते आणि तो हिशेब त्यांना पुन्हा समजून घ्यायचा होता. फकीहांना त्यांची दया आली. ही काय असल्या प्रश्नाची वेळ आहे, असे ते म्हणाले. अल-बिरूनींनी उत्तर दिले की हा मसला जाणून जगाचा निरोप घेणे हे न जाणता निघून जाण्यापेक्षा बरे नव्हे काय. फकीहांनी मसला समजावला, अल-बिरूनींनी तो पुन्हा म्हणून दाखवला. फकीह घराबाहेर पडून रस्त्यात पोहोचले तोच त्यांना मागून आक्रोश ऐकू आला.

ज्याने धातू तोलले, रत्ने तोलली, पृथ्वी मोजली, त्याने जाता जाता हिशेब विचारला तो एका वृद्ध स्त्रीच्या हक्काचा. कयामतच्या दिवशी आपल्या सर्वांची कर्मे एका तराजूत तोलली जातील, आणि त्या तराजूत तिळभरही खोट नसेल. त्या दिवशी ज्यांची पारडी जड भरतील त्यांत अल्लाह तआला अबू रैहान अल-बिरूनी यांना आणि आपणा सर्वांना सामील करो, आपल्या हातांना पुरे मापण्याची, जिभांना खरे बोलण्याची आणि मुलांना उपयुक्त इल्म मिळवण्याची तौफीक देवो. आमीन.